डिस्कवरचा अपू: सत्यजित राय यांच्या सुरुवातीच्या चित्रपटांच्या प्रती

‘पाथेर पांचाली’ (१९५५), ‘अपराजितो’ (१९५६) आणि ‘अपूर संसार’ (१९५९) हे अपू नावाच्या मुलाच्या आयुष्यावरचे सत्यजित राय यांचे तीन चित्रपट घरी पाहण्यासाठी आजवर अनेक रूपांत निघाले. नव्वदच्या दशकात व्हीएचएस कॅसेट आल्या, २००३ च्या सुमारास अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये डीव्हीडी निघाल्या आणि २०१५ मध्ये अमेरिकेच्या क्रायटेरियन कंपनीने तिन्ही चित्रपटांचा ब्लू-रे संच काढला. गोष्ट तीच आणि दृश्येही तीच. तरीही या प्रती पाहायला आणि ऐकायला इतक्या वेगळ्या आहेत की एका प्रतीवरून बनलेले मत दुसरीला लागू पडेलच असे नाही. ‘पाथेर पांचाली’ मोठा चित्रपट खरा, पण दिसायला धूसर, आवाजाला खरखरीत आणि तंत्राच्या बाबतीत कच्चा, अशी अनेक प्रेक्षकांची समजूत होती. त्यातला पुष्कळ कच्चेपणा चित्रपटाचा नव्हताच, हातात आलेल्या प्रतीचा होता.

दोन डिस्कची तुलना करताना पहिला प्रश्न असतो तो डिस्क कशावरून बनवली याचा. कॅमेऱ्यातून निघालेली फिल्म म्हणजे मूळ निगेटिव्ह. तिच्यावरून ‘फाइन ग्रेन मास्टर’ नावाची बारीक कणांची पॉझिटिव्ह काढतात, त्या मास्टरवरून दुसरी निगेटिव्ह म्हणजे ‘ड्यूप’ बनते आणि ड्यूपवरून चित्रपटगृहात दाखवायच्या प्रिंट निघतात. पिढीगणिक थोडा तपशील गळतो. उजेडाचा भाग अधिक पांढरा आणि सावलीचा भाग अधिक काळा होत जातो, त्यात धूळ आणि ओरखडेही छापले जातात. म्हणूनच मूळ निगेटिव्हवरून केलेल्या साध्या डीव्हीडीत जे दिसते, ते झिजलेल्या प्रिंटवरून केलेल्या महागड्या ब्लू-रेतही दिसणार नाही. वेष्टनावर ‘रिस्टोअर्ड’ हा शब्द छापलेला असला तरी मूळ साधन कोणते वापरले हे त्यावरून कळत नाही, आणि शोधायचे असते ते नेमके तेच.

अपूच्या तीन चित्रपटांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर विलक्षण क्लेशदायक आहे. १९९२ च्या मार्चमध्ये राय यांना सन्मानाचे ऑस्कर दिले गेले. ते कोलकात्यात आजारी होते, तिथेच त्यांनी ते स्वीकारले आणि २३ एप्रिलला त्यांचे निधन झाले. समारंभात दाखवण्यासाठी त्यांच्या चित्रपटांतले तुकडे जमवताना ऑस्कर देणाऱ्या अकादमीला चांगल्या प्रिंट मिळणे कठीण गेले. त्यातून राय यांचे चित्रपट जतन करण्याची योजना उभी राहिली आणि तिच्यासाठी अनेक मूळ निगेटिव्ह दक्षिण लंडनमधल्या हेंडरसन्स फिल्म लॅबोरेटरीत पाठवण्यात आल्या. जुलै १९९३ मध्ये या लॅबमध्ये नायट्रेट फिल्मची प्रचंड आग लागली. ब्रिटनच्या अनेक नामवंत चित्रपटांच्या निगेटिव्ह तीत जळाल्या, आणि अपूच्या चित्रपटांच्याही. वाचवण्यासाठी पाठवलेली गोष्ट वाचवण्याच्या वाटेवरच भस्मसात व्हावी, यापेक्षा मोठे दुर्दैव कोणत्या चित्रपटाच्या वाट्याला आले असेल?

जळक्या रिळांपैकी राय यांची म्हणून जी ओळखता आली, ती लॉस एंजेलिसच्या अकादमी फिल्म आर्काइव्हकडे गेली. कडा वितळलेल्या, फिल्म ठिसूळ झालेली, काही भागांची निव्वळ राख. त्या काळच्या कोणत्याही यंत्रातून ती छापता येत नव्हती. तरीही ती फेकली नाही, डब्यांत जपून ठेवली. हा निर्णय पुढे अमोल ठरला.

त्यामुळे नव्वदच्या दशकात राय यांचे चित्रपट अमेरिकेत पुन्हा चित्रपटगृहांत आले, त्यानंतर कॅसेट आणि डीव्हीडी निघाल्या, ते सारे उरलेल्या ड्यूप आणि प्रिंटवर अवलंबून होते. सोनीने २००३ मध्ये अमेरिकेत तिन्ही चित्रपट वेगवेगळ्या डीव्हीडींवर काढले. ब्रिटनमध्ये आर्टिफिशियल आय या कंपनीच्या डिस्क आल्या. त्या वेळी त्या मोलाच्याच होत्या, कारण त्याआधी चांगली प्रत घरी पाहण्याची सोयच नव्हती. पण चित्रात उभे ओरखडे, धुळीचे ठिपके, उजेडाची लुकलुक आणि सावल्यांत मिटलेला तपशील सतत दिसतो. बांबूच्या बनातली हिरवळ राखाडी गठ्ठ्यासारखी भासते. ‘पाथेर पांचाली’तल्या म्हाताऱ्या इंदिर ठाकरुणच्या भूमिकेतल्या चुनिबाला देवींच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांचे जाळे, ज्यावर कॅमेरा मुद्दाम रेंगाळतो, तेही अर्धेच हाती लागते.

ब्रिटिश आणि अमेरिकी डीव्हीडींमध्ये आणखी एक फरक आहे, तो पटकन लक्षात येत नाही. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने चालतो. ब्रिटनच्या, तशाच भारताच्याही, जुन्या ‘पाल’ टीव्ही पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी लागतात. त्यामुळे पाल डीव्हीडी बनवताना चित्रपट सरळ थोडा वेगाने चालवण्याची रीत होती. वाढ चार टक्क्यांची, म्हणजे १२५ मिनिटांचा ‘पाथेर पांचाली’ १२० मिनिटांत संपतो. पाच मिनिटे कापली अशी शंका घेण्याचे कारण नाही. एकही दृश्य गेलेले नसते. मात्र वेगाबरोबर आवाजही चढतो. सूर वेगळा खाली आणला नसेल, तर काळी एकचा षड्ज पांढरी दोनच्या जवळ जाऊन बसतो. ज्या चित्रपटाचे पार्श्वसंगीत रविशंकरांचे आहे, त्यात ही गोष्ट क्षुल्लक मानता येत नाही. ब्लू-रेवर चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनीच साठवता येतो, त्यामुळे हा दोष तिथे उरत नाही.

२०१३ मध्ये क्रायटेरियनने नव्या प्रतीचे काम हाती घेतले, तेव्हा अकादमीच्या कपाटातले ते जळके डबे वीस वर्षांनी उघडले गेले. रिळे इटलीतल्या बोलोन्या शहरात लिमाजिने रित्रोवाता या प्रयोगशाळेकडे पाठवली गेली. ग्लिसरॉल, ॲसिटोन आणि पाणी यांच्या मिश्रणाने ठिसूळ फिल्ममध्ये लवचीकपणा परत आणला गेला. वितळून चिकटलेला डिंक आणि टेप काढली. यंत्रात फिल्म पुढे सरकते ती कडेच्या भोकांच्या आधारावर, आणि ती भोकेच जळाली होती. ती हाताने पुन्हा उभी केली. या हातकामाला जवळजवळ एक हजार तास लागले. मग फिल्म ४के दर्जाने स्कॅन झाली.

‘पाथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के भाग आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून अधिक भाग मूळ निगेटिव्हवरून मिळाला. ‘अपूर संसार’ची वाचलेली रिळे मात्र वापरण्यापलीकडे गेली होती, त्यामुळे तो चित्रपट सगळाच फाइन ग्रेन मास्टर आणि ड्यूपवरून घडवावा लागला. पहिल्या दोन चित्रपटांतल्या उणिवाही अशाच पुढच्या पिढीच्या साधनांनी भरल्या. ही साधने अकादमीबरोबरच हार्वर्ड फिल्म आर्काइव्ह आणि ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट अशा संस्थांकडून आली. मे २०१५ मध्ये न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये या प्रतींचे पहिले खेळ झाले. बरोबर साठ वर्षांपूर्वी, मे १९५५ मध्ये, ‘पाथेर पांचाली’ जगात प्रथम दाखवला गेला तो याच संग्रहालयात. २०१५ च्याच नोव्हेंबरमध्ये ब्लू-रे संच बाजारात आला.

जुनी डीव्हीडी आणि ही ब्लू-रे शेजारी ठेवून पाहिली, तर सर्वांत मोठा लाभ ‘अपराजितो’ला झाला आहे. बनारसमधले अपूच्या वडिलांचे, हरिहरचे घर हा खरे तर बन्सी चंद्रगुप्त यांनी स्टुडिओत उभारलेला सेट. अशा घराच्या चौकात वरून झिरपणारा, सावली न पाडणारा उजेड हवा होता. छायालेखक सुब्रत मित्र यांनी चौकावर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचा प्रकाश त्यावर पाडून खाली परतवला. या युक्तीचे सारे सौंदर्य करड्या रंगाच्या बारीक छटांत आहे. जुन्या प्रतींत भिंती एक तर पांढऱ्याफटक किंवा मळकट दिसत, त्यामुळे हा प्रकाश वाखाणला का जातो, ते केवळ वाचूनच कळत असे. ब्लू-रेवर भिंतीचा ओलसरपणा दिसतो, जिन्याकडे उजेड हळूहळू विरत गेलेला दिसतो. भारतीय छायालेखनातला एक मोठा शोध घरी बसून नीट पाहता येतो तो या प्रतीतच.

‘पाथेर पांचाली’त चित्र पावलोपावली बदलते. निगेटिव्हवरून आलेला तुकडा धारदार, त्याला जोडलेला ड्यूपवरचा तुकडा किंचित मऊ आणि खडबडीत. लक्ष देऊन पाहणाऱ्याला ही सांधेजोड दिसेल, आणि ती दिसू देणेच योग्य आहे. क्रायटेरियनच्या तंत्रज्ञांनी ओरखडे, धूळ, थरथर आणि लुकलुक काढली, पण जिथे डाग पुसताना फिल्मचा स्वाभाविक रवाळपणा जाईल, तिथे डाग तसाच राहू दिला. हल्ली पुष्कळ जुने चित्रपट संगणकावर इतके घासले जातात की माणसांचे चेहरे मेणाचे वाटू लागतात. गवताची पाती, पावसाच्या धारा, तळ्यावर नाचणारे कीटक हे सारे या चित्रपटात त्या रव्यांतूनच जिवंत झाले आहे. तो रवा काढला असता, तर अपूची बहीण दुर्गा पावसात भिजते ते दृश्य चकचकीत झाले असते आणि निर्जीवही.

‘अपूर संसार’ तिन्हींत सर्वांत मऊ आहे, मात्र सगळीकडे सारखा. त्यामुळे पाहताना तो उलट अधिक सलग वाटतो. सिनेमाचा पडदा विरघळून घोडागाडीची मागची खिडकी होते, यासारख्या जागा मात्र कोणत्याही प्रतीत थोड्या धूसरच दिसणार. असे विरघळणारे सांधे त्या काळी प्रयोगशाळेत दुसऱ्या फिल्मवर छापले जात. तो डिस्कचा दोष नव्हे.

आवाजाच्या बाबतीत अपेक्षा बेताची ठेवावी लागते. तिन्ही चित्रपट मोनो आहेत आणि तुटपुंज्या पैशांत ध्वनिमुद्रित झाले आहेत. डीव्हीडीवर हा आवाज दाबून लहान केलेला असतो, ब्लू-रेवर तो न दाबता ठेवला आहे. फरक सर्वांत जास्त कळतो तो ‘पाथेर पांचाली’त, दुर्गा गेल्याचे माहीत नसलेला हरिहर परत येतो आणि अपूची आई सर्बजया त्याने दुर्गेसाठी आणलेली साडी दातांत धरून कोसळते तेव्हा. तिचा आक्रोश राय यांनी ऐकवलाच नाही. त्या जागी दक्षिणामोहन ठाकूर यांनी वाजवलेली तार शहनाई आहे, म्हणजे कर्णा जोडलेले गजाने वाजवायचे तंतुवाद्य. जुन्या प्रतीत हा चढा सूर फाटत असे. नव्या प्रतीत त्याची धार कायम आहे आणि ती सहन होते. फिल्मची खरखर पूर्ण गेलेली नाही. ती घालवायला गेले असते तर या सुराची धारही गेली असती.

चित्राचा आकारही तपासावा. हे चित्रपट १.३७ : १ या जवळजवळ चौकोनी प्रमाणात आहेत, तेव्हा आजच्या रुंद टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या यायलाच हव्यात. टीव्हीचे ‘झूम’ चालू करून पट्ट्या घालवल्या तर वर आकाश आणि खाली पायवाट कापली जाते.

पूरक साहित्यात सोनीच्या डिस्क जवळजवळ रित्या आहेत. क्रायटेरियनच्या संचात सौमित्र चटर्जी आणि शर्मिला टागोर यांच्या मुलाखती आहेत, कॅमेरा साहाय्यक सौमेंदू रॉय यांची आहे, आणि राय यांनी १९५८ मध्ये स्वतःच्या आवाजात वाचलेल्या लेखाचे ध्वनिमुद्रण आहे. जळक्या रिळांवर काम कसे झाले ते दाखवणारी फीतही आहे. ती चित्रपटाआधी पाहिली तर पुढचे प्रत्येक दृश्य वेगळ्या नजरेने पाहिले जाते.

भारतातल्या ग्राहकापुढे मात्र एक अडचण आहे. ब्लू-रेसाठी अमेरिका ‘ए’ विभागात, ब्रिटन ‘बी’त आणि भारत ‘सी’त मोडतो. क्रायटेरियनचा संच ‘ए’ विभागापुरता बांधलेला आहे, त्यामुळे न्यू जर्सीतल्या मराठी घरात तो सहज चालतो, पण पुण्यात विकत घेतलेल्या साध्या प्लेअरवर चालत नाही. त्यासाठी सर्व विभागांच्या डिस्क वाजवणारा प्लेअर लागतो. डीव्हीडीचे विभाग आणखी निराळे: अमेरिका १, ब्रिटन २, भारत ५.

अपूच्या पलीकडे, त्याच सुमाराच्या राय यांच्या इतर चित्रपटांचे नशीब काहीसे बरे आहे. ‘जलसाघर’ (१९५८) क्रायटेरियनने २०११ मध्ये काढला. बेगम अख्तर यांचे गाणे आणि रोशन कुमारी यांचे कथक असलेल्या या चित्रपटात ओरखडे दिसतात, पण झुंबरांचा झगमगाट आणि ओसाड वाड्यातला अंधार दोन्ही टिकून आहेत. श्याम बेनेगल यांनी राय यांच्यावर केलेला दीर्घ माहितीपट याच डिस्कवर मिळतो, आणि तेवढ्यासाठीही ती घ्यावी. ‘महानगर’ (१९६३) आणि ‘चारुलता’ (१९६४) यांचे निर्माते आर. डी. बन्सल. त्यांच्या कुटुंबाच्या संस्थेने हे चित्रपट मुंबईच्या पिक्सिऑन स्टुडिओत २के दर्जाने नव्याने तयार करून घेतले आणि २०१३ मध्ये आलेल्या क्रायटेरियनच्या डिस्क त्या कामावर उभ्या आहेत. ‘चारुलता’ची प्रत इतकी स्वच्छ आणि एकसंध आहे की चारू दुर्बीण घेऊन खिडकीखिडकीतून रस्ता पाहत फिरते, त्या सुरुवातीच्या दृश्यात झडपांच्या फटी आणि भिंतींवरच्या कागदाची नक्षीदेखील मोकळेपणाने पाहता येते.