शिलेदार वैमानिक व राखीव सेनाधिकार

मराठेशाहीच्या लष्करी परिभाषेत शिलेदार व बारगीर हा भेद मूलभूत होता. बारगिरास घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार आपला घोडा व आपली हत्यारे घेऊन चाकरीस येई. मूळ फारसी शब्दाचा अर्थ शस्त्रधारी एवढाच. घोड्याच्या मालकीची अर्थच्छटा मराठी व्यवहारात त्यास जडली. विसाव्या शतकात हवाई दलांनी नागरी वैमानिकांना राखीव दलात घेतले, तेव्हा हीच शिलेदारी निराळ्या वेषात परतली. घोड्याच्या जागी वैमानिकाचा परवाना आला. विमान सरकारी असल्यामुळे हा शिलेदार अर्धा बारगीरच, हेही मान्य केले पाहिजे.

आपल्याकडील ठळक उदाहरण प्रतापचंद्र लाल ह्यांचे. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा खासगी वैमानिकाचा परवाना असलेल्या ह्या विद्यार्थ्यास भारतीय हवाई दलाच्या स्वयंसेवी राखीव दलात बोलावण्यात आले. पुढे त्यांनी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर सातव्या स्क्वाड्रनचे नेतृत्व केले. १९५७ ते १९६२ ह्या काळात इंडियन एअरलाइन्सचा कारभार पाहिला. आणि १९७१ च्या युद्धात ते हवाई दलप्रमुख होते. परंतु ह्या पदापर्यंत ते पोचले नियमित सेवेतून. राखीव दल हे त्यांच्या बाबतीत केवळ प्रवेशद्वार ठरले.

अमेरिकेतील जेम्स डूलिटल ह्यांची वाट ह्याच्या उलट दिसते. १९३० मध्ये नियमित सेवा सोडून ते शेल तेल कंपनीत गेले व राखीव दलात मेजर झाले. १९४० मध्ये त्यांना परत बोलावले गेले. १८ एप्रिल १९४२ रोजी विमानवाहू जहाजावरून सोळा बाँबफेकी विमाने घेऊन त्यांनी टोकियोसह जपानी शहरांवर हल्ला चढविला. १९४६ मध्ये ते राखीव दलात परतले, ते लेफ्टनंट जनरल म्हणून. तेथे सेनापतिपद आणि राखीवपण एकाच व्यक्तीच्या ठायी नांदू शकले.

भारतात १९५२ च्या कायद्याने नियमित हवाई दलाचे राखीव दल, हवाई संरक्षण राखीव दल व साहाय्यक हवाई दल अशा तीन शाखा कल्पिल्या. त्यांपैकी दुसरी नागरी विमानविद्येतील जाणकारांसाठी होती, म्हणजे शिलेदारीच्या सर्वांत जवळची. मुंबईच्या जे. आर. डी. टाटा ह्यांचे पद मात्र ह्या चौकटीत बसत नाही. १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला वैमानिकाचा पहिला परवाना त्यांचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूला विमान उतरविले तेही त्यांनीच. हवाई दलाने त्यांना १९४८ मध्ये ग्रुप कॅप्टन, १९६६ मध्ये एअर कमोडोर व १९७४ मध्ये एअर व्हाइस मार्शल केले. शेवटचे पद भूदलातील मेजर जनरलच्या तोडीचे आहे. पण ही तिन्ही पदे मानद होत. सचिन तेंडुलकर ह्यांना २०१० मध्ये मिळालेले ग्रुप कॅप्टनपदही त्याच जातीचे, आणि तेथे तर परवान्याचीही अट उरली नाही. ‘राखीव’ शब्दात बोलावणे येण्याची शक्यता गृहीत असते. ‘मानद’ शब्दात ती नसते. दोहोंचे गणवेश सारखे दिसल्याने अर्थांची गल्लत होते.

टाटांनी प्रत्यक्ष लष्करी चाकरी केली ती तरुणपणी, फ्रेंच सैन्याच्या स्पाही ह्या घोडदळात, सुमारे एक वर्ष.