आखूड पण दमदार : कार्प माशासाठी फ्लाय रॉड आणि सहावीतली तरफ



'साधी यंत्रे' शिकवताना तिसऱ्या प्रकारच्या तरफेची उदाहरणं आपण भराभर सांगतो : चिमटा, गळाची काठी. वर्गात एका मुलाने विचारलं, "सर, बाबा फ्लाय रॉड घ्यायचं म्हणतायत. काठी लांब असली की मोठा मासा निघतो ना?" अख्खा वर्ग "होऽऽ" म्हणाला. उत्तर मात्र उलटं आहे. हा घोळ पालकांचाही होतो आणि मग पैसे वाया जातात. म्हणून आज हा धडा जरा नीट बघू.

आधी मासा कोणता?

रोहू, कटला, मृगळ हे आपल्या बाजारात रोज दिसणारे मासे कार्प कुळातलेच. त्यांच्या जोडीला बाहेरून आलेले सायप्रिनस, गवत्या आणि चंदेरा. मिश्र मत्स्यशेती शिकवताना आपण सांगतो की कटला पाण्याच्या वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ व सायप्रिनस तळाशी चरतात. गळ टाकणाऱ्याला हेच ज्ञान उपयोगी पडतं. कटला बहुतेक प्लवक गाळून खातो, त्यामुळे तो फ्लायला सहसा तोंड लावत नाही. तळाशी किडे-अळ्या शोधणारा सायप्रिनस मात्र लावतो, आणि तो बऱ्याचदा काठाजवळ उथळ पाण्यातच सापडतो. म्हणजे दोरी फार लांब फेकायची गरज नाही. पण मासा वजनदार, आणि लागला की सुसाट पळणारा.

फ्लाय रॉड वेगळा कसा?

साध्या गळाला शिसं बांधतात. फेकलं की शिसं पुढे जातं आणि दोरी त्याच्या मागे. हे गोफणीसारखं झालं. फ्लाय म्हणजे पिसं आणि धागे गुंडाळून केलेला खोटा किडा. त्याला वजन जवळजवळ नसतंच. इथे वजन असतं दोरीला, आणि ती आसूडासारखी फिरवून पुढे सोडायची असते.

म्हणून रॉडवर दोरीचा नंबर छापलेला असतो. दोरीच्या पहिल्या 30 फुटांच्या (सुमारे 9 मीटर) वजनावरून हा नंबर ठरतो. 5 नंबरला ते वजन सुमारे 9 ग्रॅम, तर 8 नंबरला साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. नंबर जितका मोठा, तितकी काठी दमदार. कार्पसाठी 7 किंवा 8 नंबर बरा.

दुकानात आणखी एक शब्द ऐकू येईल : ॲक्शन. काठी कुठून वाकते, एवढाच त्याचा अर्थ. 'फास्ट' काठी शेंड्याकडे वाकते, 'स्लो' काठी पार मुठीपर्यंत. दम वेगळा आणि ॲक्शन वेगळी, यात गल्लत करू नका.

आता तरफ

मासा लागल्यावर मूठ पोटाशी टेकवली, तो झाला टेकू. पुढचा हात मुठीपासून एक फुटावर, ते झालं बल. शेंड्याला ओढणारा मासा म्हणजे भार. सूत्र तेच :

बल × बलभुजा = भार × भारभुजा

समजा मासा 1 किलोच्या जोराने काठीला काटकोनात ओढतोय. 9 फुटी काठीला हाताने 9 किलोचा जोर लावावा लागेल, 7 फुटी काठीला 7 किलोचा. (प्रत्यक्षात काठी वाकते, भारभुजा कमी होते आणि दोन्ही आकडे खाली येतात. पण तुलना तीच राहते.) म्हणजे लांब काठी माशाला मदत करते, आखूड काठी तुम्हाला.

मग सगळे 9 फुटी काठी का घेतात? कारण तिने दोरी लांब जाते आणि पाण्यावर उचलून धरता येते. आपल्याकडे काठावर झाडं, मागे कठडा आणि फिरायला आलेली माणसं. अशा जागी साडेसात-आठ फुटी काठी सोयीची.

तिच्या दोन अडचणीही सांगतो. वाकणारी काठी झटका सोसते. आखूड आणि ताठ काठी तो कमी सोसते, म्हणून टोकाचा धागा जरा मजबूत घ्या आणि रीळला चांगला ब्रेक हवाच. दुसरं, जवळ फेकताना थोडीच दोरी बाहेर असते, तेवढ्या वजनाने ताठ काठी वाकतच नाही. मग 7 नंबरच्या काठीला 8 नंबरची दोरी लावून बघावी.

वर्गात करून बघा

चार फुटी काठीचं एक टोक टेबलाच्या कडेखाली अडकवा. त्या टोकापासून एक फुटावर तानकाटा बांधून वर ओढून धरा. अर्ध्या लिटरची भरलेली बाटली आधी दोन फुटांवर टांगा, मग चार फुटांवर. तानकाटा साधारण 1 किलो आणि मग 2 किलो दाखवेल. काठीच्या स्वतःच्या वजनामुळे थोडं जास्तच. ते का, हे मुलांनाच विचारा.

पालकांसाठी महत्त्वाचं

ठाणे तलावांचं शहर, कल्याणात काळा तलाव, शेजारून उल्हास नदी. मुलांना पाण्याची ओढ असणारच. पण तलावात गळ टाकायला परवानगी आहे का, हे महापालिकेत किंवा तिथल्या ठेकेदाराकडे आधी विचारा. पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही हौशी गळकऱ्यांची जुनी संस्था आहे. शिकायचं तर जाणकाराबरोबरच.

पावसाळ्यात नदीकाठ नकोच. 27 जुलै 2019 ला उल्हासच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती, हे विसरू नका. शिवाय रोहू, कटला, मृगळ यांचा विणीचा हंगामही तोच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : आजच्या बहुतेक फ्लाय रॉड कार्बनच्या असतात आणि कार्बनमधून वीज वाहते. विजेच्या तारांखाली किंवा ढग गडगडत असताना काठी उभारू देऊ नका. शेवाळलेल्या पायऱ्यांवर मूल एकटं नको, मग पोहता येत असलं तरी.

त्या मुलाने घरी जाऊन वडिलांना झाडूच्या दांड्यावर हा प्रयोग करून दाखवला म्हणे. काठी अजून घेतलेली नाही. पण कोणती घ्यायची, ते आता दोघांनाही कळलंय. तुम्हीही दुकानात जाण्याआधी हा प्रयोग मुलांबरोबर एकदा करून बघा.