फळीवरच्या उरलेल्या गोळ्या

पावसाळ्यात डबकी साचतात, डास वाढतात आणि थंडी वाजून ताप येऊ लागतो. मानोरा तालुक्यातील माता-भगिनींना हे नवे नाही. दवाखान्यातून गोळ्या आणल्या जातात. दोन दिवसांत ताप उतरला की उरलेल्या गोळ्या फळीवरच्या डब्यात जातात, पुढच्या आजाऱ्यासाठी. ही काटकसर हिवतापात किती महागात पडते, ते आम्ही येथे सांगणार आहोत.

हिवतापाचा जंतू रक्ताच्या तांबड्या पेशीत शिरून तिथल्या हिमोग्लोबिनवर जगतो. ते पचवण्यासाठी त्याच्या अंगात एक इवलीशी पिशवी असते. पचनातून उरणारे हीम खुद्द जंतूलाच विषारी, म्हणून तो त्याचे निरुपद्रवी खडे बनवतो. क्लोरोक्विन या पिशवीत साचते व खडे होऊ देत नाही. जंतू आपल्याच विषाने मरतो.

मग हे औषध निकामी का झाले? पिशवीच्या आवरणात एक प्रथिन दारासारखे बसलेले असते. फॅल्सिपेरम या घातक जातीत त्या प्रथिनाच्या 76 व्या जागी लायसिनऐवजी थ्रिओनिन आले, की त्या दारातून औषध बाहेर घालवले जाते. शास्त्रज्ञांनी हे दार 2000 साली ओळखले. पण क्लोरोक्विनला दाद न देणारा जंतू भारतात 1973 मध्येच आसामात आढळला होता. अखेर 2010 च्या राष्ट्रीय औषध धोरणाने फॅल्सिपेरमसाठी देशभर संयुक्त औषधोपचार ठरवला.

अर्धवट औषधाने कच्चे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात, आणि डास तेच शेजारच्या घरी नेतो. मलावी देशाने 1993 मध्ये क्लोरोक्विन थांबवले, तेव्हा काही वर्षांत तिथे औषधाला दाद देणारे जंतू पुन्हा वाढले. औषध कसे वापरावे, यावर जंतूचे बळ असे अवलंबून असते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. ताप येताच रक्त तपासून घ्या; सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या भागातून कामावरून परतला असाल तर तसे आवर्जून सांगा. ताप उतरला तरी ठरलेले सर्व दिवस औषध घ्या. एकाच्या गोळ्या दुसऱ्याला देऊ नका. हिवतापातील प्रायमाक्विन गरोदर बाईला व तान्ह्या बाळाला चालत नाही. फळीवरचा डबा रिकामा राहिला, तरच घर सुरक्षित राहील.