नैराश्याच्या गोळ्यांनी वजन वाढते का?

"डॉक्टर, या गोळ्या सुरू केल्यापासून कपडे घट्ट व्हायला लागलेत. बंद केल्या तर चालेल का?" नैराश्यावर उपचार घेणाऱ्या रुग्णांकडून हा प्रश्न वारंवार येतो. काही जण तर विचारतही नाहीत. गोळी अर्धी करतात, एक दिवसाआड घेतात किंवा मनानेच सोडून देतात. पुढे दीड-दोन महिन्यांत झोप उडते, रडू येऊ लागते आणि आजार उलटतो. म्हणून ही औषधे भुकेवर आणि वजनावर नेमका काय परिणाम करतात, हे आधीच समजून घेतलेले बरे.

आधी आजाराकडे पाहा

नैराश्य स्वतःच भूक बदलते. अनेकांची अन्नावरची वासना उडते, चव लागत नाही आणि काही महिन्यांत चार-पाच किलो वजन उतरते. काहींचे उलट होते. भूक नसतानाही गोड, तळलेले खावेसे वाटते, झोप वाढते, हालचाल कमी होते आणि वजन चढते.

समजा, आजारापूर्वी तुमचे वजन ६२ किलो होते. नैराश्यात ते ५६ वर आले आणि औषध सुरू झाल्यावर चार महिन्यांत ६१ झाले. काट्यावर पाच किलो वाढलेले दिसतील, पण ही बरे होण्याची खूण आहे. त्यामुळे तुलना आजाराच्या आधीच्या वजनाशी करा.

औषध भुकेवर कसे काम करते?

मेंदूतील सेरोटोनिन हे रसायन मनःस्थितीबरोबरच भूक आणि पोट भरल्याची जाणीवही सांभाळते. आतड्यातही ते मोठ्या प्रमाणात असते. म्हणून एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन यांसारख्या गोळ्या सुरू केल्यावर पहिले एक-दोन आठवडे मळमळ, जुलाब किंवा भूक मंदावणे असा त्रास होऊ शकतो. तो बहुतेकदा आपोआप कमी होतो. गोळी जेवणानंतर घेतली आणि थोडे-थोडे खाल्ले, तर मळमळ सुसह्य होते.

काही औषधे सेरोटोनिनखेरीज हिस्टामिनचे कामही रोखतात. त्यामुळे झोप येते आणि भूक वाढते. वजनवाढ अशा औषधांनी जास्त होते.

सगळ्या गोळ्या सारख्या नाहीत

मिर्टाझापिन: भूक वाढवणारे औषध. झोप आणि भूक दोन्ही गेलेल्या रुग्णाला, विशेषतः खंगलेल्या वृद्धांना, हाच परिणाम उपयोगी पडतो. आधीच वजन जास्त असलेल्यांना मात्र अडचणीचे ठरू शकते.

अमिट्रिप्टिलिन: जुन्या गटातील औषध. अर्धशिशी आणि नसांच्या दुखण्यासाठीही कमी डोसमध्ये देतात. भूक वाढते, शिवाय तोंडाला कोरड पडते. त्यावर सरबत किंवा कोल्ड्रिंक घेतले तर साखर पोटात जाते. साधे पाणीच घोट-घोट प्या.

पॅरोक्सेटिन, एस्सिटॅलोप्रॅम: काही महिन्यांनंतर वजन थोडे वाढू शकते.

फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन: सुरुवातीला भूक किंचित कमी होते. दीर्घकाळात वजनावर परिणाम सहसा थोडाच असतो.

ब्युप्रोपिऑन: याने वजन सहसा वाढत नाही, काहींचे थोडे कमीही होते. पण फिट येणाऱ्यांना आणि ॲनोरेक्सिया किंवा बुलिमिया असलेल्यांना हे देत नाहीत. वजन कमी करायचे म्हणून ते स्वतःहून घेऊ नका.

काही वेळा सोबत ओलांझापिन किंवा क्वेटियापिन दिलेले असते. ही मूळची वेगळ्या गटातील औषधे आहेत आणि त्यांनी वजन व रक्तातील साखर अधिक वाढू शकते. म्हणून चिठ्ठीवरची सगळी नावे डॉक्टरांना दाखवा.

किती वाढते?

२०२४ साली अमेरिकेत सुमारे १ लाख ८३ हजार रुग्णांच्या नोंदींवर आधारित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आठ औषधांची तुलना होती. सहा महिन्यांनंतर सर्ट्रालिनच्या तुलनेत एस्सिटॅलोप्रॅम घेणाऱ्यांचे वजन सरासरी सुमारे ०.४ किलो जास्त वाढलेले आढळले, तर ब्युप्रोपिऑन घेणाऱ्यांचे सुमारे ०.२ किलो कमी होते. म्हणजे सर्ट्रालिनच्या तुलनेत हा सरासरी फरक अर्ध्या किलोच्या आतला होता. अर्थात ही सरासरी आहे. काहींचे वजन जराही हलत नाही, काहींचे पाच-सहा किलो वाढते. तुमच्या बाबतीत काय होते, हे तुमचा वजनकाटाच सांगेल.

तुम्ही काय करू शकता?

• औषध सुरू करतानाच वजन आणि कमरेचा घेर लिहून ठेवा. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंमी आणि स्त्रियांत ८० सेंमीच्या आत असावा.

• दर दोन आठवड्यांनी, सकाळी, त्याच काट्यावर वजन करा. रोज करू नका, उगाच धास्ती वाढते.

• पहिल्या महिना-दीड महिन्यात दोन-तीन किलो वाढले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना सांगा. मूळ वजनाच्या ५ टक्के वाढ, म्हणजे ६० किलोच्या माणसात ३ किलो, ही दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

• उपास किंवा क्रॅश डाएट नको. जेवण वेळेवर घ्या. भाकरी किंवा पोळीबरोबर उसळ, वरण, अंडे, दही यांपैकी काहीतरी असू द्या, म्हणजे पोट जास्त वेळ भरलेले राहते. चहाबरोबरची बिस्किटे, खारी आणि फरसाण कमी केले तरी फरक पडतो.

• रोज अर्धा तास चाला. सुरुवात दहा मिनिटांनी केली तरी चालेल. चालण्याने नैराश्यालाही उतार पडतो.

• थायरॉईड आणि रक्तातील साखर तपासून घ्या. थायरॉईड मंदावल्यानेही उदासी, थकवा आणि वजनवाढ होते. दोष गोळ्यांना जातो आणि खरे कारण राहून जाते.

गोळ्या एकदम बंद का करू नयेत?

अचानक थांबवल्यास चक्कर, चिडचिड, झोपमोड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे असे त्रास होतात. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिनमध्ये ते जास्त दिसतात. त्याहून मोठा धोका आजार परतण्याचा. पहिल्यांदा नैराश्य आलेल्या रुग्णाला बरे वाटू लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावे लागते.

वजन वाढत असेल तर डोस कमी करणे, औषध बदलणे, समुपदेशनाची जोड देणे असे पर्याय असतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू करायचे असतात. तेव्हा स्पष्ट बोला: "औषधाने मन बरे आहे, पण वजन चार किलो वाढले आहे. दुसरा मार्ग आहे का?" हे विचारण्यात संकोच कसला? वजनाच्या भीतीने गोळी गुपचूप बंद करण्यापेक्षा ते कधीही चांगले.

मध्येच मन फार खचले किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर एकटे राहू नका. घरच्यांना सांगा, जवळच्या रुग्णालयात जा किंवा टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ ला फोन करा. ही सेवा मोफत आहे आणि २४ तास चालू असते.