धानाची वाहतूक करणाऱ्या जुन्या पिकअपचे मागील ब्रेक

गोंदिया जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास हलका धान निघतो आणि त्यामागून मध्यम व भारी धानाची कापणी सुरू होते. बांधीतून खळ्यावर, खळ्यावरून आधारभूत खरेदी केंद्रावर किंवा राईस मिलमध्ये माल नेण्यासाठी पिकअप गाड्यांची धावपळ चालते. यातील बऱ्याच गाड्या जुन्या असतात. बहुतेकांच्या पुढील चाकांना डिस्क आणि मागील चाकांना ड्रम ब्रेक असतात. कृषिविद्येच्या लेखकाने ब्रेकवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु वर्षभराचे पीक ज्या गाडीवर चढते ती थांबली पाहिजे, हाही शेतीचाच प्रश्न आहे.

रिकाम्या पिकअपला थांबविण्याचे बरेचसे काम पुढील ब्रेक करतात. ४० किलोचे ३० कट्टे भरले की १२०० किलो वजन चढते आणि त्याचा बहुतांश भार मागील आसावर येतो. म्हणून मागील ब्रेक कमजोर असले तरी रिकाम्या गाडीत ते जाणवत नाही, भरल्या गाडीत एकदम जाणवते. ताशी ४० कि.मी. वेगाची गाडी चांगल्या ब्रेकने साधारण १२ मीटरमध्ये थांबत असेल, तर ब्रेकची पकड निम्मी झाल्यावर तिला सुमारे २५ मीटर लागतात. चालकाला पॅडल दाबण्यास एक सेकंद लागला तरी त्या वेळेत गाडी आणखी ११ मीटर पुढे जाते.

अशा वेळी लायनर बदलून मोकळे होण्याची पद्धत आहे. दोष मात्र पुष्कळदा दुसरीकडे असतो. जास्त माल भरता यावा म्हणून मागे एक-दोन पाटे वाढविले जातात. अनेक गाड्यांत मागील आसाजवळ एक व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी किंवा स्प्रिंग आसाला जोडलेली असते. माल भरल्यावर चेसिस खाली बसते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागील ब्रेकला जास्त दाब देतो. पाटे वाढविले की चेसिस खाली बसतच नाही. व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटते व तो मागील दाब कमी ठेवतो. म्हणजे ज्या गाडीवर जास्त ओझे, तिलाच कमी ब्रेक! पाटे मूळ संख्येवर आणणे हाच खरा उपाय. निदान दांडी वाकलेली, गंजलेली किंवा तारेने बांधून ठेवलेली नाही ना, हे पाहून व्हॉल्व्ह जाणत्या मिस्त्रीकडून लावून घ्यावा.

दुसरे कारण आपल्या चिखलाचे आहे. मागील हौसिंगवर हवा जाण्यासाठी लहानसे छिद्र किंवा नळी असते. बांधीतील चिखलाने ती बुजते. ऑइल तापले की आत दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून ड्रममध्ये उतरते. नुसते सील बदलून भागत नाही. ती नळी साफ न केल्यास नवे सीलही गळते. ऑइलने भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवू नये, ते दोन्ही बाजूंचे बदलावे. मागील ताटावरील रबरी बूच पडले असल्यास तेही बसवावे, कारण तेथूनच चिखल आत शिरतो.

ड्रम उघडण्यापूर्वी गाडी सपाट जागेवर लावून पुढील चाकांना ठोकळे लावावेत व मागील बाजू जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर घ्यावी. आतील धूळ कंप्रेसरने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते व ते फुप्फुसास घातक असते. साबणाच्या पाण्याने भिजवून पुसावे. व्हील सिलिंडरचे रबर उचलून ओल दिसते का ते पाहावे. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो. त्यापेक्षा जास्त झिजलेला ड्रम लेथवर न चढविता बदलावा.

जुळणी करताना आधी शू, मग हँडब्रेकची केबल, हा क्रम मोडू नये. दातेरी चाकाने शू ड्रमला किंचित घासेल इतके बाहेर आणावे आणि चाक मोकळे फिरेपर्यंत मागे घ्यावे. केबल ताणून ढिलाई झाकली तर आपोआप जुळणारी यंत्रणा काम करीत नाही आणि पॅडल खोलच जाते. डाव्या-उजव्या बाजूच्या ॲडजस्टरचे आटे बहुधा उलट असतात, त्यांची अदलाबदल करू नये.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीच्या कोरड्या ऑइलचा उत्कलनांक किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा शिरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. देवरी, सालेकसा भागातील उतारावर भरली गाडी सतत ब्रेकवर उतरविली की असे ऑइल उकळते व पॅडल पोकळ होते. दर दोन वर्षांनी ऑइल बदलून हवा काढावी आणि उतारावर खालच्या गिअरमध्येच यावे.

मोठ्या मापाचा व्हील सिलिंडर बसविण्याचा सल्ला काही ठिकाणी मिळतो. तो मानू नये. रिकाम्या गाडीची मागील चाके ओल्या डांबरावर जाम होतात व गाडी आडवी फिरते.

काम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशी २० कि.मी. वेगाने, प्रथम रिकामी व नंतर निम्मा माल भरून चाचणी घ्यावी. नंतर दोन्ही मागील ड्रमजवळ हात नेऊन पाहावा, स्पर्श करू नये. एक ड्रम दुसऱ्यापेक्षा बराच गरम लागल्यास गाडी पुन्हा मिस्त्रीकडे न्यावी.