गिअर पडत नाही, म्हणजे क्लच प्लेट गेली?

नवी क्लच प्लेट, नवी प्रेशर प्लेट, नवं रिलीज बेअरिंग. दिवसभर खपून गिअरबॉक्स चढवलेला. इंजिन सुरू करून क्लच तळापर्यंत दाबावा, रिव्हर्स टाकायला जावं, तर दात घासल्याची करकर. इंजिन बंद केलं की तोच गिअर सहज पडतो. अशा वेळी गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतं, ‘किटच खराब निघालं, पुन्हा उतरवावं लागणार.’ गाडी ताकदवान असेल तर पुढचं वाक्यही ठरलेलं, ‘हिला रेसिंग क्लचच लागतो.’ या दोन वाक्यांपायी धडधाकट सुटे भाग फेकले जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

मुळात दोन वेगळ्या तक्रारी एका नावाखाली खपवल्या जातात. झिजलेली प्लेट घसरते. चौथ्या गिअरमध्ये कमी वेगात अॅक्सिलरेटर दाबला की इंजिनचे फेरे उसळतात, गाडी मात्र तशीच रेंगाळते. गिअर न पडणं हे याच्या नेमकं उलट आहे. तिथे पकड कमी झालेली नसते, ती सुटतच नसते. रिव्हर्स सगळ्यात आधी ओरडतो, कारण बऱ्याच गिअरबॉक्समध्ये त्याला सिंक्रोनायझर नसतो.

आणि हे सुटणं म्हणजे मिलिमीटरचा हिशेब आहे. साधारणपणे पाय पेडल तेरा-चौदा सेंटिमीटर खाली नेतो, द्रवाच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरचा दांडा त्यातून जेमतेम १२ ते १४ मिलिमीटर सरकतो, आणि शेवटी प्रेशर प्लेट उचलली जाते ती दीड-दोन मिलिमीटर. तेवढ्या फटीत क्लच प्लेट दोन्ही बाजूंनी मोकळी व्हायची असते. दांड्याचे तीन-चार मिलिमीटर वाटेत हरवले, तर नवंकोरं किटही गिअर पडू देणार नाही.

म्हणून गिअरबॉक्सला हात लावण्याआधी मोजपट्टी घ्यावी. १९८९ साली आलेली माझदा एमएक्स-५ ही छोटी स्पोर्ट्स कार याचं चांगलं उदाहरण आहे. तिचा स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या बाहेर बसवलेला असतो. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने खालून दांडा किती सरकतो ते मोजायचं. कमी सरकला तर दोष आधी हायड्रॉलिकमध्ये शोधायचा. सिलिंडरच्या तोंडावरची रबरी टोपी कडेने उचलून पाहा. आतून काळपट थेंब ओघळला तर सील गेलंय. या छोट्याशा सिलिंडरपायी माणसं अख्खा गिअरबॉक्स उतरवतात. काही गाड्यांत हा सिलिंडर बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या आवरणाच्या आत, गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवतीच असतो. तिथे क्लचच्या द्रवाच्या टाकीतली पातळी उतरणं आणि बेल हाउसिंगखाली ओल दिसणं, एवढ्याच खुणा हाती लागतात.

‘दोन-चारदा पेडल मारलं की पडतो गिअर, चालतंय की.’ चालत नाही. पेडल मारल्यावर सुधारणं हीच लाइनमध्ये हवा असल्याची किंवा सील गळत असल्याची खूण आहे. हवा काढा, त्यानंतरही पेडल मऊच राहिलं तर पेडलकडचा मास्टर सिलिंडर तपासा.

यात आपला ‘ब्रेक ऑइल’ हा शब्दही घात करतो. क्लचच्या लाइनमध्ये बहुतेक गाड्यांत जे भरतात ते डॉट ३ किंवा डॉट ४ द्रव, म्हणजे ग्लायकॉल जातीचं रसायन. ते तेल नव्हेच. ‘ऑइलच ना’ म्हणून कुणी इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंग ऑइल ओतलं, की सिलिंडरमधली रबरी सीलं फुगतात आणि अडकतात. टाकीच्या झाकणावर जे छापलंय, तेच भरायचं.

दांडा पुरेसा सरकतोय आणि तरीही करकर होतेय, तर मात्र आत पाहावं लागतं. तिथेही किटआधी बसवणाऱ्या हातांचा विचार करावा. क्लच प्लेट उलटी बसली की तिचा मधला भाग फ्लायव्हीलच्या बोल्टला टेकतो; कोणती बाजू फ्लायव्हीलकडे हवी हे बहुधा प्लेटवर लिहिलेलं असतं. गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन क्षणभर जरी प्लेटवर लटकलं, तरी ती वाकू शकते आणि मग कधीच नीट मोकळी होत नाही. एमएक्स-५ मध्ये फ्लायव्हीलच्या मध्यभागी पायलट बेअरिंगही असतं. ते जॅम झालं तर क्लच सुटूनही शाफ्ट इंजिनबरोबर फिरतच राहतो. गाडी पावसाळाभर बंद ठेवली असेल तर गंजाने प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेलीही असू शकते, आणि तेव्हा कुठलाच भाग खराब नसतो.

मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन ८ आणि ९ मध्ये गंमत वेगळी आहे. सर्वसाधारण गाड्यांत रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटची स्प्रिंग आत ढकलतं, इथे ते ती ओढतं. त्यामुळे गिअरबॉक्स बसल्यावर बेअरिंग स्प्रिंगमधल्या कॉलरमध्ये अडकावं लागतं. बेअरिंग सरकवणारा फोर्क हलवला की ‘टक्’ असा आवाज येतो. तो ऐकल्याशिवाय पुढचे बोल्ट आवळू नयेत. उतरवतानाही आधी स्क्रू-ड्रायव्हर घालून हा सांधा सोडवायचा असतो. तो न सोडवता गिअरबॉक्स ओढणारे पहारीने हाउसिंग फोडून बसतात.

राहिला रेसिंग क्लच. तो जास्त टॉर्क धरतो, पण ‘जास्त चांगला सुटतो’ हे खरं नाही. स्प्रिंग जितकी कडक, तितका पेडलवर, सिलिंडरच्या सीलांवर, फोर्कवर आणि क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर भार जास्त. जुना फोर्क किंवा पेडलची पट्टी त्या भाराखाली किंचित वाकली, तर हिशेबातले मिलिमीटर तिथेच जातात. अशा गाडीत कुणाला तरी पेडल दाबायला सांगून डॅशबोर्डखाली टॉर्च मारा. मास्टर सिलिंडर जिथे बसवलाय तो पत्रा पायाबरोबर हलताना दिसला, तर आधी त्याला आधार द्या आणि मग दांडा पुन्हा मोजा.