तीन पुलांचं गाव

ल्युब्लियाना. हे नाव नीट उच्चारायला मला दोन दिवस लागले. गावाच्या प्रेमात पडायला मात्र एक संध्याकाळ पुरली. स्लोव्हेनिया या चिमुकल्या देशाची ही राजधानी, व्हिएन्नाहून आगगाडीनं सहा तासांवर. मला खरं तर व्हेनिसला जायचं होतं. वाटेत एका रात्रीपुरता उतरलो आणि पाच दिवस राहिलो. तिथल्या भाषेत ‘ल्युब्लेना’ म्हणजे लाडकी. गावाच्या नावाचा उगम काहीही असो, हा योगायोग मला पटला.

वस्ती जेमतेम तीन लाखांची. मुख्य चौकात पुतळा आहे तो कुणा सेनापतीचा नव्हे, फ्रान्स प्रेशेरेन या कवीचा. १९०५ साली उभारलेला. पलीकडच्या एका घराच्या भिंतीवर, खिडकीच्या चौकटीत, एका तरुणीचा चेहरा कोरला आहे. ती युलिया, कवीला कधीच न लाभलेली. कवी तिच्याकडे पाहत उभा आहे. ८ फेब्रुवारी हा त्याचा स्मृतिदिन म्हणजे देशभर सार्वजनिक सुट्टी. कवी गेला त्या दिवशी बँका बंद! मी तिथंच निम्मा विरघळलो.

उरलेला निम्मा चौकासमोरच्या पुलावर. पूल एक नाही, तीन आहेत. हाताची तीन बोटं फाकवावीत तसे. मधला दगडी पूल १८४२चा. पुढं रहदारी वाढली, पूल अपुरा पडू लागला. आपल्याकडे अशा वेळी आधी काय पाडायचं याची यादी होते. ती मी लहानपणापासून पाहत आलो आहे. इथं योझे प्लेचनिक या वास्तुरचनाकारानं जुन्या पुलाला हातच लावला नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना, जरा तिरके, पायी चालणाऱ्यांसाठी दोन पूल जोडले. १९३२ साली काम पुरं झालं. अडचणीचा पूल गावाचं भूषण झाला. २००७ पासून तिथं मोटारींना बंदी आहे आणि तिन्ही पूल पादचाऱ्यांचे आहेत.

हा प्लेचनिक याच गावचा, जन्म १८७२चा. व्हिएन्नात ओटो वाग्नर यांच्याकडे शिकला, प्रागच्या राजवाड्याचं नूतनीकरण हाती घेतलं आणि १९२१ मध्ये घरी परतला. हाताशी पैसा बेताचा. पण काटकसर हीच त्याची कला झाली. १८९५च्या भूकंपात एक जुना वाडा निकामी झाला होता. त्या जागी त्यानं राष्ट्रीय ग्रंथालय बांधलं आणि वाड्याचे दगड नव्या भिंतीत विटांच्या जोडीनं बसवले. आत शिरलं की काळसर संगमरवरी खांबांमधून अंधारा जिना चढायचा आणि वर उजेडानं भरलेल्या वाचनालयात पोचायचं. अज्ञानातून ज्ञानाकडे कसं जातात, हे पायांना कळतं. गावाबाहेरच्या दलदलीतल्या एका चर्चमध्ये तर त्यानं सांडपाण्याचे सिमेंटचे नळ उभे करून त्यांचेच खांब केले! त्याच्या या गावातल्या कामांना २०२१ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशाचा दर्जा दिला.

हा वसा पुढच्या पिढीनं आपल्या परीनं चालवला. १९९१ मध्ये स्लोव्हेनिया स्वतंत्र झाला, युगोस्लाव्ह फौज निघून गेली. मेतेल्कोवा रस्त्यावरच्या तिच्या रिकाम्या बराकी १९९३ मध्ये पाडायला घेतल्या, तेव्हा कलावंत आत शिरले आणि तिथंच राहिले. आज तिथं चित्रशाळा आहेत, रात्री गाणं-बजावणं असतं. शेजारच्या लष्करी तुरुंगाचं प्रवासी-निवास झालं आहे. गजांचे दरवाजे मुद्दाम ठेवलेले, पण किल्ली पाहुण्याच्या हाती.

प्रेमात पडलं की दोष दिसत नाहीत म्हणतात. मला एक दिसला, तो घरमालकीणबाईंनी दाखवला म्हणून. त्यांची पहिली सायकल ‘रोग’ कारखान्याची. आपल्या कानाला हे नाव कसंसंच वाटतं, पण एके काळी युगोस्लाव्हियाभर ती सायकल चाले. बंद पडलेल्या त्या कारखान्यात २००६ पासून तरुण मंडळींनी रंगकाम, स्केटिंग, सर्कशीचे सराव सुरू केले होते. जानेवारी २०२१ मध्ये नगरपालिकेनं त्यांना बाहेर काढलं, बरीच बांधकामं पाडली. २०२३ मध्ये तिथं नवं कलाकेंद्र उघडलं. मी ते पाहून आलो. स्वच्छ, सुसज्ज, उत्तम यंत्रं. बाईंना तसं सांगितलं, तर म्हणाल्या, ‘‘चांगलंच आहे. पण पूर्वी आत जायला अर्ज भरावा लागत नसे.’’

निघायच्या सकाळी पुन्हा पुलावर गेलो. एखादं गाव कलावंत कशानं होतं? केंद्रं उभारून होत असेलही थोडंफार. पण जुन्याच्या शेजारी नव्याला उभं राहायला जागा दिली, की ते जास्त होतं. ज्या गावानं हे जगाला दाखवलं, त्यालाही ते मधूनमधून आठवावं लागतं. मी मधल्या जुन्या पुलावरून गेलो, डावीकडच्या नव्या पुलावरून परत आलो आणि स्टेशनची वाट धरली.